आईचे राहिलेले नवस : मोत माउली, माहीम, हाजी अली, सिद्धिविनायक (मुंबईकरांनो, मदत हवी आहे)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

आईला पंचाहत्तरावं लागलंय. गेल्या महिन्यात ती एकदम म्हणाली, "मुंबईचं देणं राहिलंय, ते फेडल्याशिवाय मला जायचं नाही." मला आधी पैशांचं काही असेल असं वाटलं. ते नवसांचं निघालं.

आम्ही १९८२च्या संपापर्यंत भायखळ्याच्या एका चाळीत राहत होतो. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. १९८१ साली माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला आणि तापानंतर तो डावा पाय ओढून चालायला लागला. इस्पितळात उपचार चालू होते, मालिश चालू होतं, पण आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. वरच्या मजल्यावर एक मंगलोरी बाई राहायच्या. त्या आईला म्हणाल्या, बुधवारी माझ्याबरोबर माहीमच्या चर्चला चल, नऊ बुधवार कर. जिन्याखाली रफू करणारे एक चाचा होते. त्यांनी हाजी अलीला जाऊन दुवा मागायला सांगितलं आणि पहिल्या वेळी स्वतःच घेऊन गेले. कोळीण मासे घेऊन यायची, तिने वांद्र्याच्या मोत माउलीचं सांगितलं. सिद्धिविनायक आमचा घरचाच. थोडक्यात, ज्याच्याकडे जो देव होता तो त्याने आईला उसना दिला.

भाऊ चालायला लागला. पण तेवढ्यात संप झाला, घर उठलं आणि आम्ही कराडला आलो. नवस बोललेले चार, फेडलेला एकही नाही.

तीन दिवस काढून तिला आणायचं म्हणतो आहे. गुडघे दुखतात, पण काठी घेऊन चालते. कुठल्या दिवशी कुठे जावं? आणि दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. आता असं दुसऱ्याच्या देवाला जाणं चालतं का? कुणी विचारणार तर नाही ना, तुम्ही इथे कशाला? आईला कुणी काही बोललेलं मला सोसणार नाही.

वांद्र्याची_वाट

दादा, आईंना जरूर आणा. मी वांद्र्याची ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची ख्रिस्ती. आमच्या घरात माउंट मेरी कुणी म्हणत नाही, मोत माउलीच म्हणतात. तुमच्या कोळिणीने अगदी बरोबर नाव सांगितलं होतं.

जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. त्या आठवड्यात आईंना आणू नका. स्टेशनपासून बेस्टच्या जादा गाड्या असतात, पण टेकडीवर उभं राहायला जागा नसते. एरवी कधीही सकाळी या. टॅक्सी थेट चर्चच्या दारापर्यंत येते, जिने चढावे लागत नाहीत.

बाहेर मेणाच्या वस्तू मिळतात. ज्याचं जे मागणं, त्याची तशी आकृती : हात, पाय, डोळे, बाळ, घर, आता तर विमानसुद्धा. तुमच्या भावासाठी पाय घ्यावा लागेल. विकणाऱ्या बाईला नुसतं "पाय" म्हटलं तरी ती डावा की उजवा विचारते.

कुणी विचारेल का, म्हणता. अहो, जत्रेच्या रांगेत कुंकू लावलेल्या बायका आम्हा कॅथलिकांपेक्षा जास्त असतील असं मला लहानपणापासून वाटत आलंय. माउलीची मूर्ती कोळ्यांच्या जाळ्यात सापडली असं आम्ही ऐकत आलो. आत्ता जी इमारत दिसते ती १९०४ची, आणि तिचा आराखडा करणारे शापूरजी चंदाभॉय पारशी. वांद्र्याला येताना तुम्ही ज्या माहीमच्या कॉजवेवरून याल तो १८४०च्या दशकात झाला, त्याचे पैसे जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दिले. त्याआधी लोक होडीने खाडी ओलांडून माउलीला यायचे.

एकच विनंती, ती तुम्हाला नव्हे, हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांना. मिस्सा चालू असताना वेदीकडे पाठ करून स्वतःचे व्हिडिओ काढू नका. मागच्या वर्षी माझी मावशी डोळे मिटून गुडघ्यांवर होती आणि कुणीतरी तिच्या खांद्यावरून हात लांब करून चित्रीकरण करत होतं. ती नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आली होती.

वरळीचा_नाखवा

हाजी अलीचं मी सांगतो. दर्गा पाण्यात आहे, वाट पाण्यातून जाते, आणि मोठ्या भरतीला वाट बुडते. पुण्या-कराडची माणसं येतात आणि दोन-दोन तास काठावर बसून राहतात. कॅलेंडर बघा.

आमचा जुना हिशेब : तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या आसपास पाणी सगळ्यात मागे असतं, शिवाय भांगाचे दिवस, पाण्याला जोर नसतो. पुनवेला आणि अवसेला उलट, दुपारी बारालाच उधाण. म्हाताऱ्या माणसाला घेऊन अष्टमीच्या पुढेमागे या, दुपारी अकराला वाटेवर पाय ठेवा. ऊन लागेल, छत्री घ्या. पावसाळ्यात आणूच नका, वाट शेवाळाने निसरडी होते.

गुरुवार-शुक्रवार टाळा.

नऊ_बुधवार

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारचा नोव्हेना (नऊ बुधवार करायची प्रार्थना) १९४८ पासून चालू आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकामागून एक. इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांत असतो, त्यामुळे मराठीची वेळ आधी विचारून घ्या. आईंना शब्द कळले तर बरं वाटेल.

मी कॅथलिक नाही. एकवीस वर्षं बुधवारी जाते. माहीम स्टेशनवर उतरलं की मेणबत्त्यांची आणि फुलांची दुकानं सुरू होतात, तिथे रोजे धरणारी माणसं येशूच्या आईसाठी हार गुंफताना पाहिली आहेत.

आईंचे नऊपैकी किती बुधवार झाले होते?

कृष्णाकाठ

तिला विचारलं. म्हणाली सात. दोन राहिले. एका क्षणात उत्तर दिलं, जणू परवाचीच गोष्ट.

चंद्रभागा

आईंच्या श्रद्धेबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी माळकरी आहे, तेरा वाऱ्या झाल्या. मला हे पटत नाही. विठ्ठलाला सोडून दहा दारी जायचं, मागणं मान्य होईल तिथे डोकं टेकायचं, याला एकनिष्ठा म्हणत नाहीत. तुकोबांनीही नवसाला खडसावलंच आहे. आणि आपण सगळीकडे जातो, तसे तेही आपल्या देवळात येतात का? एकतर्फी व्यवहाराला सलोखा म्हणणं मला खोटं वाटतं.

नऊ_बुधवार

चंद्रभागा, तुकोबांनी खडसावलं ते नवसालाच. शेजाऱ्याचा हात धरून जाण्याला नव्हे. ही बाई देव बदलायला गेली नव्हती. पोराचा पाय ओढत होता आणि वरच्या मजल्यावरची बाई "चल" म्हणाली, म्हणून गेली.

दाभोळची_खाडी

चंद्रभागा यांच्या शेवटच्या वाक्याकडे मला वेगळ्या बाजूने यायचं आहे, कारण त्यात दुखणारं काहीतरी आहे.

मी कोकणी मुसलमान. घरात बोलायची भाषा कोकणीच, मराठी शाळेत शिकलो. माहीमला ज्यांचा दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी आमच्या लोकांना फार जवळचे. १३७२ ते १४३१ हा त्यांचा काळ, अरबीतले मोठे पंडित, कुराणावर भाष्य लिहिलेलं. साधारण डिसेंबरात त्यांचा उरूस भरतो, दहा दिवस. त्यात मानाचा पहिला संदल (चंदनाची मिरवणूक) मुंबई पोलिसांचा असतो. माहीम पोलीस ठाण्याचे अधिकारी, त्यात हिंदू, ख्रिस्ती सगळे, डोक्यावर ताट घेऊन बँडबाजासह दर्ग्यात येतात. लहानपणी आम्ही खांद्यावर बसून ते पाहायचो. गर्दीत निम्मी माणसं हिंदू असतात. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण चार वर्षांपूर्वी मी मुंबईत भाड्याचं घर शोधत होतो. दलालाने सात घरं दाखवली. सातही ठिकाणी नाव सांगितल्यावर जागा "कालच गेली". सातव्या घराच्या दारावर आतल्या बाजूला हाजी अलीचा फोटो होता. मालकीणबाई खरोखर श्रद्धाळू होत्या, मला पाणी दिलं, दर गुरुवारी जाते म्हणाल्या. घर दिलं नाही.

दर्ग्याला येता, या, दार उघडं आहे. पण जे पिराला जवळ करतात त्यांनी पिराच्या लेकरांना जिन्यावर जागा द्यावी, एवढंच मागणं आहे. कृष्णाकाठ, तुमच्या जिन्याखालचे चाचा आज त्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहू शकले असते का, हा प्रश्न मला तुमची पोस्ट वाचल्यापासून सोडत नाहीये.

जुना_दादरकर

दाभोळची खाडी, तुमचं वाचून थांबलो, परत वाचलं.

मुंबईच्या सलोख्याबद्दल लिहिताना डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगली वगळता येत नाहीत. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेले अनोळखी आणि इतर. ज्या शहरात बुधवारी सगळे माहीमला जात होते, त्याच शहरात हे झालं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आमच्या गल्लीत रात्री पहारे होते आणि त्या पहाऱ्यात मीही काठी घेऊन उभा होतो. समोरच्या बेकरीतली दोन पोरं आम्हाला रोज पाव द्यायची. ती एका रात्रीत गावी निघून गेली आणि परत आली नाहीत. बेकरी दुसऱ्याने घेतली. त्यांना कुणी थांबवलं नाही, मीही नाही. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

दंगलीनंतर सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो वगैरे मंडळींच्या सोबतीने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. हवालदार, मौलवी, शाखेतला माणूस, घरकाम करणाऱ्या बाया असे सगळे एका सतरंजीवर. अफवा आली की आधी एकमेकांना फोन. क्रिकेटचे सामने व्हायचे. मी तीन वर्षं त्या कामात होतो. त्यातून एक शिकलो : उरुसात किंवा जत्रेत एकत्र दिसणारी गर्दी संकटात आपोआप उपयोगी पडत नाही. ज्यांच्याकडे एकमेकांचे फोन नंबर होते, त्या वस्त्या सावरल्या.

निळी_पहाट

या यादीत चैत्यभूमी नाही, हे लक्षात आलं का कुणाच्या?

बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे स्तूप आहे. दर ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात, शिवाजी पार्कात मंडपात झोपतात, येताना भाकरी बांधून आणतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. नारळ-हाराची नव्हे, पुस्तकांची एवढी मोठी विक्री होणारं दुसरं तीर्थ मला माहीत नाही. माझी आजी निरक्षर होती. ती दरवर्षी एक पुस्तक विकत घ्यायची आणि घरी आल्यावर मला वाचायला लावायची.

आम्ही दादरमध्येच राहायला आलो तेव्हा आमच्या सोसायटीत ५ डिसेंबरला सूचना लागली : बाहेरच्यांना नळावर पाणी भरू देऊ नये. शेजारचेच लोक मंगळवारी सिद्धिविनायकाला पायी येणाऱ्यांना चहा वाटत होते. धर्म वेगळा असणाऱ्यांशी सलोखा राखणं सोपं जातं, जातीने खाली मानलेल्या माणसाला पाणी देणं अवघड जातं. यावरही बोला. पुढच्या वर्षी मी आणि वरच्या मजल्यावरच्या एका गुजराती काकूंनी मिळून फाटकाबाहेर पिंप ठेवलं. आता चौथं वर्ष आहे, सूचना लागत नाही.

कृष्णाकाठ, आईंना वेळ असला तर संध्याकाळी चैत्यभूमीला आणा. तिथे काही मागायचं नसतं, नुसतं बसायचं. समुद्राचा वारा छान येतो.

पायी_मुंबई

मी लोकांना पायी फिरवतो, दहा-बारा वर्षं झाली. थोडं व्यवहाराचं लिहितो.

सिद्धिविनायक मंगळवारी नको. दर्शन लवकर करून देतो म्हणणारी माणसं देवळांबाहेर भेटतात, त्यांना एक रुपया देऊ नका. ज्येष्ठांची रांग वेगळी असते, थेट तिथे विचारा. आईंना एक गोष्ट जरूर सांगा : १८०१ साली हे देऊळ बांधायला पैसे देणाऱ्या देऊबाई पाटील आगरी समाजातल्या, स्वतःला मूल नव्हतं. इतर बायकांची कूस उजवावी म्हणून त्यांनी ते बांधवलं. ही गोष्ट सांगितली की रांगेतल्या बायका गप्प होतात, हे मी कितीदा पाहिलंय.

हाजी अलीला मधली काही वर्षं बायकांना मजारीपर्यंत जाऊ देत नव्हते. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंदी चुकीची ठरवली आणि त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस बायका पुन्हा आत गेल्या. आईंना जाता येईल, डोक्यावर पदर असला की झालं.

आणि जिथे जाता येत नाही तिथे जाऊ नका. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. चर्चगेटजवळच्या भिखा बेहराम विहिरीचंही तसंच. १७२५ची विहीर, समुद्र इतका जवळ असून पाणी गोड. लोक फाटकावर हुज्जत घालतात, "आमच्याकडे सगळ्यांना प्रवेश आहे, मग तुमच्याकडे का नाही?" बाहेरून हात जोडता येतात की! काळा घोड्याच्या निळ्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जाता येतं, ओळखपत्र मात्र दाखवावं लागतं. २००८ मध्ये ज्यूंच्या नरिमन हाऊसवर अतिरेक्यांचा हल्ला झाला तो आठवला की त्या तपासणीचा राग येणार नाही.

माझी स्वतःची आवडती जागा माझगावात आहे, नवाब टँक रोडवर. १९१९ सालचं चिनी देऊळ, कँटनच्या खलाशांनी बांधलेलं. पहिल्या मजल्यावर ग्वान गोंग हा त्यांचा देव. चिनी कुटुंबं आता बोटांवर मोजण्याएवढी उरली. मी तिथे गटाला नेत नाही. वीस माणसं त्या खोलीत शिरली तर ती खोली त्यांची राहत नाही. पर्यटनाचा माझा धंदा आहे, तरी सांगतो : काही जागा लहान असतात, त्यांना लहानच राहू द्यावं.

अश्दोदची_लेक

इस्राएलमधून लिहिते आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडचे. आमची आडनावं बघा : दिवेकर, पेणकर, किहीमकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, तिथे त्यांचं स्मारक आहे.

मुंबईतलं आमचं सर्वांत जुनं सिनेगॉग मांडवीत, सॅम्युएल स्ट्रीटवर, १७९६चं. हार्बरच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं आमची माणसं सांगतात. आजूबाजूला सगळी मुसलमान वस्ती. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आता बहुतेक मुलं मुसलमान घरांतली आहेत. इथे माझ्या सहकाऱ्यांना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

दर काही वर्षांनी आम्ही येतो ते अलिबागजवळच्या खंडाळ्याला. तिथे एका कातळावर आमचे प्रेषित एलियाहू हन्नाबी यांच्या रथाच्या खुणा आहेत असं आम्ही मानतो, त्याला टापा म्हणतात. नवस फेडायला मलिदा करतो : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं. नवस हा शब्दही आम्ही तुमच्यासारखाच वापरतो. माझी आई इथे येऊन पन्नास वर्षं झाली तरी काळजी वाटली की पहिलं वाक्य मराठीत निघतं, "एलियाहू हन्नाबी, लेकरांना सांभाळ."

कृष्णाकाठ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

म्हापशेकर

आमच्या गोव्यात हे बहिणींच्या नात्याने चालतं. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण (मेरीमाता) या बहिणी. ईस्टरनंतर सायबिणीचं फेस्त (सण) आलं की हिंदू घरांतली माणसं तेल घेऊन चर्चला जातात. बहिणीकडे जायला कारण लागत नाही.

चंद्रभागा

सगळं वाचलं. नवसाबद्दलचं माझं मत तेच आहे. पण दाभोळची खाडी यांनी जे लिहिलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी आळंदीत एक खोली आहे, भाड्याने देतो. आजवर कुणाला नाव विचारून नाकारलं का, ते आठवत बसलो. एकदा नाकारलं होतं.

कृष्णाकाठ

जाऊन आलो. उशिरा लिहितो आहे, आल्यावर आई दोन दिवस झोपूनच होती, थकव्याने.

नाखवांचा हिशेब धरून अष्टमी निवडली. सव्वाअकराला हाजी अलीच्या वाटेवर होतो, दोन्ही बाजूंना खडक उघडे. आईने चादर चढवली आणि चाचांचं नाव घेतलं. मला त्यांचं नाव माहीतच नव्हतं. मी त्यांना आयुष्यभर चाचाच म्हणत आलो होतो.

माहीमला बुधवारी मराठी नोव्हेना मिळाला. आठवा बुधवार झाला. नववा राहिला, त्यासाठी पुन्हा यायचं असं तिने मेणबत्ती लावतानाच ठरवलं. चैत्यभूमीलाही गेलो. निळी पहाट, वारा खरंच छान होता. आईने वहीएवढं एक पुस्तक घेतलं, धाकट्या नातीसाठी.

मोत माउलीच्या दारात मेण विकणाऱ्या बाईंना ती म्हणाली, पाय द्या. त्यांनी विचारलं, डावा की उजवा. आई रडायला लागली. इतक्या वर्षांनी तिला ते कुणी विचारलं होतं. बाई घाबरल्या, स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, आणि "मुलगा बरा होईल हो" म्हणाल्या. आई म्हणाली, "बरा झालाय. सेहेचाळिशीचा आहे. बाहेर गाडी लावतोय." मग त्या दोघी बराच वेळ बोलत बसल्या. भाऊ गाडी लावून आला तर त्या बाईंनी त्याला दहा पावलं चालून दाखवायला लावलं.

आम्ही भायखळ्यालाही गेलो होतो. चाळ नाही. रखवालदाराने आत सोडलं नाही, फाटकातूनच आईने कुठे जिना होता ते हाताने दाखवलं.

अश्दोदची लेक, तुमचा नमस्कार पोचवला. मलिद्याची कृती तिने दोनदा वाचून घेतली आणि आता म्हणते, नवव्या बुधवारला येऊ तेव्हा अलिबागला तो टापा बघून येऊ. पावसाळ्यात मांडव्याची बोट चालू असते का?

वरळीचा_नाखवा

गेटवेची बोट पावसाळ्यात बंद. भाऊच्या धक्क्यावरून रोरो जाते, तीही हवामान बघून. दसऱ्यानंतर या. तिथी कळवा, भरती काढून देतो.